पाव्हणा

त्याला नाक नाही, डोळे नाहीत.
जुन्या होजपाइपाच्या कापडात शिवलेला,
आत वाळू आणि भुसा. वजन साठ किलो.
पहिल्याच दिवशी साळू भोये म्हणाली, हा कोण पाव्हणा?
तेव्हापासून तो पाव्हणाच.

वडाळ्याच्या कवायत मैदानात आम्ही बावीस जण,
मोखाड्याचे, मुरबाडचे, दोघी डहाणूच्या,
आणि मी शहापूरच्या पलीकडची, जिथे डांबर संपतं
आणि मोबाइलची रेंज चिंचेखाली उभं राहिलं तरच येते.
बूट मापाचे नव्हते. बोटांकडे चिंध्या कोंबल्या.
कुंपणापलीकडे चोवीस मजल्यांची इमारत;
बायका कपडे वाळत घालताना वरून आमची कवायत बघायच्या.

तांडेल साहेबांचा डावा कान अर्धा वितळलेला.
त्याबद्दल कोणी विचारत नाही.
हायड्रंट, ते म्हणाले, अमुक इतक्या अंतरावर असतोच.
केरू हिलमने हात वर केला:
साहेब, आमची विहीर दीड किलोमीटरवर. होळीनंतर तीही नाही.
साहेबांनी खडू ठेवला, हात झटकले.
बरं. मग पाण्याशिवाय काय करता ते सांगा.

तो तास आम्ही घेतला.
निरगुडीची ओली डहाळी आपटायची नाही, दाबायची;
आपटली की ठिणगी उडून आपल्याच पाठीमागच्या गवतात पडते.
आगीच्या वाटेवरचा पट्टा आधीच जाळायचा, तिला उपाशी ठेवायची.
दामा वारघडे म्हणाला, गुरांची दावी सोडत बसू नका, कापा.
जनावर भ्यालं की ओढतं, ओढलं की गाठ आवळते.
साहेबांनी वहीत लिहिलं: दावी कापणे.
खाली दोन रेघा.

सहाव्या दिवशी धुराची खोली.
उभं राहायचं नाही, साहेब म्हणाले.
धूर वरून भरत येतो.
जमिनीलगत वीतभर हवा उरते, तेवढीच तुमची.
गाल फरशीला. डावा हात भिंतीवरून सोडायचा नाही.

माझा पाय दारातच अडला.

धर्मा आजा साठ किलोचा नव्हता.
पस्तीसही नसेल, दम्याने वाळलेला.
गेल्या फाल्गुनात राब भाजताना वारा फिरला,
आणि मी त्याच्या झोपडीत शिरले, सरळ, ताठ,
रोज भाकरी द्यायला जायची तशी.
दोन श्वास घेतले असतील.
मग मी अंगणात, ओकत.
तो आतच.
वर्षभर लोक म्हणाले, तू निदान गेलीस तरी.
वर्षभर मी म्हणाले, ताकद कमी पडली.

ताकद नव्हे गं.
वीतभर.
वाकायचं असतं, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

मागे कोणी घाई केली नाही.
मी खाली बसले, मग पालथी झाले,
आणि गाल फरशीला लागला तेव्हा ती तिथे होती,
गार, रॉकेलच्या वासाची, पण हवा.
भिंत, कोपरा, खाटेचा पाय, पाव्हण्याची टाच.
बगलांखालून दोर, छातीवर गाठ,
आणि मागे मागे सरकत, त्याचं डोकं माझ्या पोटाशी.
बाहेर आले तरी दोर सुटेना हातातून.

चार मिनिटं दहा सेकंद, साहेब म्हणाले. नापास.
मग हळू आवाजात: पाणी पी. परत जा.

दुसऱ्या खेपेला तीन वीस.

कोर्स संपला. एक शिट्टी मिळाली, एक प्रमाणपत्र,
आणि अख्ख्या पाड्याला मिळून एक हेल्मेट.
गावी गेल्यावर खताचं रिकामं पोतं घेईन,
ओढ्याची वाळू भरेन, तोंड शिवेन.
साठ नाही, पस्तीसच किलो.
शाळेमागच्या पडक्या खोलीत ओला पाला पेटवेन
आणि पोरांना दाराशी उभं करेन.
ती हसतील, विचारतील, आत कोण आहे?
पाव्हणा, सांगेन.
आधी वाका.